फौजीची जमीन आणि चार कागदांचा संच

“मेजर, जमीन तुमच्याच नावावर राहणार. तुम्ही फक्त सह्या करा, परवानगीची धावपळ माझ्याकडे.” माजी सैनिकाला मिळालेल्या सरकारी जमिनीचा घोटाळा असा सुरू होतो. गंमत म्हणजे यातलं पहिलं वाक्य खरं असतं. जमीन त्याच्याच नावावर राहते, म्हणून शर्तभंगाची, म्हणजे जमिनीच्या अटी मोडल्याची, नोटीसही त्याच्याच नावाने निघते. एजंटचं नाव सरकारी कागदावर कुठेच नसतं.

१९६५ आणि १९७१ च्या युद्धांनंतर परतलेल्या पुष्कळ जवानांना अशा जमिनी मिळाल्या. मुरमाड, पडीक, कधी स्वतःच्या गावापासून दोन तालुके लांब. दगड वेचून, ताली घालून, विहीर पाडून ज्यांनी ती वहितीला आणली त्यांची आज तिसरी पिढी तिथे राहते. ज्यांना लांब राहून जमायचं नाही, ते एजंटच्या नजरेत येतात.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आणि सरकारी जमीन विल्हेवाटीचे १९७१ चे नियम यांखाली दिलेली अशी जमीन भोगवटादार वर्ग-२ म्हणून असते. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती विकता येत नाही. परवानगी मिळते, पण वेळ लागतो आणि नजराणा, म्हणजे त्यासाठीची सरकारी रक्कम, भरावा लागतो. एजंट हीच वाट चुकवतो आणि एकाच बैठकीत चार कागद करून घेतो: साठेखत (पुढे विकण्याचा करार), कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार), ताबा पावती आणि मृत्युपत्र.

यातली खोच कुलमुखत्यारपत्रात आहे. जवळच्या नात्याबाहेरच्या माणसाला विक्रीचे अधिकार दिले, तर मोबदला घेतला असो वा नसो, त्याला खरेदीखताइतकं मुद्रांक शुल्क लागतं. तरीही मजकुरात ‘कोणताही मोबदला न घेता’ असं घातलं जातं. मग ठरलेल्या रकमेतला जेमतेम चौथा हिस्सा रोख हातात पडतो, बाकी ‘परवानगी आल्यावर’. बाकी आलीच नाही, तर मागायची कशाच्या जोरावर? आपण काहीच घेतलं नाही, असं आपणच सहीनिशी लिहून दिलेलं असतं. शिवाय जमिनीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. तिचा दंड घेतलेल्या रकमेएवढा, आणि तो पैसे घेणाऱ्यावर. म्हणजे पुन्हा फौजीवरच.

मृत्युपत्र कशाला? मूळ मालक गेला की साधारणपणे कुलमुखत्यारपत्र संपतं, मग मृत्युपत्र पुढे करून जमिनीवर हक्क सांगता येतो. बहुतेक विकणारे सत्तरी ओलांडलेले असतात, हे एजंट आधीच मोजून बसलेला असतो.

जमीन विकत घेणाऱ्यानेही हसू नये. कुलमुखत्यारपत्र, साठेखत आणि मृत्युपत्र यांच्या जोडणीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे. पैसे देऊन हाती येतो तो फक्त ताबा, आणि तोही बेकायदा. शर्तभंग ठरला की जमीन सरकारजमा होऊ शकते. ‘सातबारा कोरा आहे’ एवढ्यावर विसंबू नका. हस्तलिखित उताऱ्यावरून संगणकावर नोंदी घेताना ‘नवीन शर्त’ (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) हा शेरा सुटल्याची किंवा वर्ग-१ (असं बंधन नसलेली जमीन) लागल्याची उदाहरणं आहेत. अशी लेखनचूक जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली कधीही दुरुस्त होते, शर्त काही पुसली जात नाही. म्हणून डिजिटल सातबाऱ्याचे १५ रुपये भरून झालं, असं समजू नका. तलाठ्याकडे गाव नमुना १-क (वर्ग-२ जमिनींची नोंदवही) मध्ये तो गट आहे का ते बघा. सातबाऱ्यावरच्या फेरफार क्रमांकांवरून मागे मागे जात जमीन मुळात कशी मिळाली तो पहिला फेरफार काढा आणि वाटपाच्या मूळ आदेशाची नक्कल तहसील कार्यालयातून घ्या. अटी त्यातच लिहिलेल्या असतात.

एजंट परवानगीचा आदेश दाखवेल. त्यावरचा जावक क्रमांक आणि तारीख जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन स्वतः ताडून घ्या; मोबाईलवरचा फोटो म्हणजे आदेश नव्हे. नजराणा भरल्याचं सांगितलं तर ग्रास (सरकारी रकमा ऑनलाइन भरायच्या) प्रणालीचं चलन आणि त्यावरचा जीआरएन क्रमांक मागा. सरकारी नजराणा कधीही कुणाच्या खासगी खात्यात भरायचा नसतो.

दुसऱ्या जातीची ठगी त्यांच्याशी, ज्यांच्याकडे वाटपाचा आदेश आहे पण ताबा नाही. जागेवर कुणाचं तरी अतिक्रमण असतं. एजंट ‘ताबा काढून देतो’ म्हणून आगाऊ घेतो आणि शेजारच्या मोकळ्या गटात खुणा रोवून देतो. भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी आणि तिची ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा) हाती आल्याशिवाय एक रुपया देऊ नका, कुंपण तर मुळीच घालू नका.

सह्या आधीच झाल्या असतील तर पहिल्यांदा दुय्यम निबंधकाकडे कुलमुखत्यारपत्राचं रद्दपत्र नोंदवा. कुलमुखत्याराला पोचपावतीसह नोटीस पाठवा आणि स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येतं, शेवटचं तेच चालतं. कुलमुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्या जमिनीत निर्माण झाला असेल तर मात्र रद्द करणं एवढं सोपं नाही, तिथे वकील लागतोच. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्या गटाची सूची क्रमांक दोन (नोंदवलेल्या दस्तांचा गोषवारा) अधूनमधून पाहत राहा. फेरफाराची नोटीस आली तर १५ दिवसांच्या आत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. पोलिसांत जाताना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं पत्र, बँकेचा उतारा आणि एजंटचे मेसेज छापून न्या. तक्रार आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली होते. १ जुलै २०२४ पूर्वीचा प्रकार असेल तर जुनं कलम ४२०.