ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी: ‘गेट’ या एका नोंदीवरून

इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांसाठीच हा कोश जन्माला आला. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमधील अध्यापनाच्या काळात दोन सहकाऱ्यांसह तो सिद्ध केला आणि १९४२ साली तो टोकियोत प्रथम छापला गेला. परक्या विद्यार्थ्याचे पाऊल नेमके कुठे घसरते याची जाण आजही, म्हणजे २०२० च्या दहाव्या आवृत्तीतही, त्याच्या पानोपानी दिसते. ती पारखण्यासाठी मी मुद्दाम ‘गेट’ हे अगदी रोजचे क्रियापद निवडले. (देवनागरीत ते आणि फाटक सारखेच दिसतात, त्याला इलाज नाही.)

आपले सर्वसाधारण इंग्रजी-मराठी कोश ‘मिळणे, मिळवणे, होणे, पोहोचणे’ असे प्रतिशब्द ओळीने मांडून थांबतात आणि त्यांतला कोणता कुठे चालेल हे वाचकावर सोपवतात. येथे मात्र प्रत्येक अर्थापूर्वी ठळक अक्षरांत छोटे मथळे आहेत: मिळवणे, आणणे, आजार, अवस्था, पोहोचणे, वाहन, समजणे इत्यादी. त्यामुळे ‘बस पकडली’ आणि ‘विनोद कळला’ या दोन्ही ठिकाणी हेच क्रियापद कसे बसते हे सगळी नोंद न चाळता सापडते. व्याख्याही सुमारे तीन हजार निवडक शब्दांच्या मर्यादेत राहून लिहिलेल्या असल्याने एका शब्दासाठी आणखी चार शब्द शोधण्याची वेळ सहसा येत नाही.

माझ्या मते या कोशाची खरी किंमत अर्थापुढच्या बारीक व्याकरणखुणांत आहे. ‘मिळणे’ या अर्थी कर्मणी प्रयोग होत नाही, असे येथे स्पष्ट नोंदवलेले आहे. ‘व्हॉइस बदला’ या प्रश्नावर वाढलेल्या आपल्या विद्यार्थ्यांच्या हातून ‘द प्राइझ वॉज गॉट बाय हिम’ असे वाक्य सहज उतरते, तेव्हा ही एवढीशी खूण पुष्कळ काम करते. दुसरे ठिकाण करवून घेण्याचे. केशकर्तनालयातून आलेला मराठी माणूस ‘मी केस कापले’ असेच म्हणतो. तेच शब्दशः ‘आय कट माय हेअर’ झाले की त्याने स्वतःच कात्री चालवली असे ऐकणाऱ्याला वाटते, आणि ‘आय गॉट माय हेअर कट’ ही रचना कोशात स्वतंत्र अर्थ म्हणून उदाहरणासह दिलेली आहे. अमेरिकेत शिकणाऱ्यांना ‘गॉटन’ या रूपाची टीपही उपयोगी पडेल.

उणिवा आहेत. सर्व विवेचन इंग्रजीतच असल्यामुळे मराठी माध्यमातील आठवी-नववीच्या मुलाला एकट्याने हा कोश झेपणार नाही; सोबत द्विभाषिक कोश हवाच. संकेतस्थळावर ही नोंद विनामूल्य पाहता येते आणि ब्रिटिश व अमेरिकन उच्चार ऐकता येतात, ही मोठी सोय आहे. परंतु ‘गेट ओव्हर’, ‘गेट बाय’, ‘गेट अवे विथ’ यांसारखी जोडक्रियापदे तेथे वेगवेगळ्या पानांवर विखुरलेली असून, ती ताडून पाहायची तर सारखे मागेपुढे जावे लागते. छापील प्रतीत तीच एकाखाली एक वाचता येतात. म्हणून उच्चारासाठी संकेतस्थळ आणि जोडक्रियापदांसाठी, वजनदार असले तरी, पुस्तक अशी विभागणी मी सुचवेन.