किंग्स्टनची ८ जीबी डीडीआर३ रॅम, आणि त्याआधी पाण्यात गेलेले साडेसातशे

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. किंग्स्टन व्हॅल्यूरॅम, पार्ट नंबर केव्हीआर१६एलएन११/८, ८ जीबी, डीडीआर३ (रॅम म्हणजे कम्प्युटरची चालू कामापुरती मेमरी, डीडीआर३ ही तिची जुनी पिढी), गेल्या वर्षी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कम्प्युटर बाजारातनं १६५० ला घेतली, तेव्हापासून रोज दहा-बारा तास मशीन चालू असतं आणि एकदाही निळा स्क्रीन (विंडोज कोसळलं की येतो तो) नाही. पाचपैकी पाच. दिसायला साधी हिरवी पट्टी, वर हीटसिंक (गरमी शोषणारी धातूची पट्टी) नाही, लाइट बिइट काही नाही, ते हवं असेल तर ही तुमच्यासाठी नाही.

आता माझं मशीन. २०१५ साली असेंबल केलेलं, इंटेलचा चौथ्या जनरेशनचा आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, रॅमचे दोनच स्लॉट आणि त्यातल्या एकात ४ जीबीची एकुलती एक काडी. डोंबिवलीत डीटीपीचं काम करतो, लग्नसराईत पत्रिका डिझाइन करायचं कोरलड्रॉ, वीसेक टॅब उघडलेला क्रोम आणि व्हॉट्सअ‍ॅप वेब एकदम चालू, वर गिऱ्हाईक शेजारी खुर्ची टाकून बसलेलं, "ते गणपती जरा मोठे करा ना". गणपती मोठे करायला जावं तर माउसचा गोल फिरतोय तो फिरतोयच. टास्क मॅनेजर उघडला तर मेमरी ९४ टक्के. एसएसडी (वेगवान डिस्क) आधीच टाकलेली, म्हणजे दुखणं कुठंय ते कळलं होतं.

तर मी काय केलं, रात्री अकरा वाजता मोबाइलवर ऑनलाइन शोधलं "८ जीबी डीडीआर३ १६०० डेस्कटॉप रॅम", सगळ्यात स्वस्त ७५० ला दिसली, कुठलातरी ब्रँड ज्याचं नाव आज आठवत पण नाही, आणि मागवून मोकळा झालो. डीडीआर३ आहे, १६०० स्पीडची आहे, डेस्कटॉपची आहे, अजून काय बघायचं? चार दिवसांनी आली. लावली. बटण दाबलं, पंखा फिरला, थांबला, परत फिरला, परत थांबला. स्क्रीन काळाच. काढून परत लावली, स्लॉट बदलला, सोनेरी पिना खोडरबरने घासल्या (हा उपाय जुन्या रॅमवर खरंच चालतो, हसू नका), तरी तेच. जुनी काडी लावली की मशीन मुकाट चालू.

मग ती जाहिरात परत नीट वाचली. खाली, अगदी खाली, जिथं आपण कधी जात नाही तिथं लिहिलेलं: फक्त एएमडी मदरबोर्डसाठी. एएमडी ही प्रोसेसरची दुसरी कंपनी, माझं मशीन इंटेलचं. विकणाऱ्याने पैसे परत द्यायला नकार दिला, म्हणे वर्णनात लिहिलं होतं. लिहिलं होतं, खरंय.

मग एक रविवार जाऊ देऊन सोमवारी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून डोंबिवली-दादर-ग्रँट रोड. स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की चालत पाच-सात मिनिटांत लॅमिंग्टन रोड. तिथं एका गल्लीतल्या खोपटाएवढ्या दुकानात गेलो, काउंटरवर बावीस-तेवीसचा पोरगा. म्हणलं ८ जीबी डीडीआर३ दे. त्याचा पहिला प्रश्न, "काका, जुनी रॅम आणलीय का?" (वय ४१. काका. असो.) आधी दोन दुकानांत विचारलं होतं, तिथं सरळ डबा पुढे सरकवला होता. हा पहिला ज्याने विचारलं. दोन्ही काड्या खिशातनं काढून दिल्या, जुनी चालणारी आणि ऑनलाइनवाली.

त्याने जुन्या काडीचा स्टिकर वाचून दाखवला. पीसी३-१०६००यू. हे १०६०० बघून मी दचकलो होतो, कारण रॅम तर १३३३ ची. तर ते सेकंदाला किती एमबी ते आहे, १३३३ ला ८ ने गुणा, येतं साधारण तेवढं. १६०० वाल्यावर तसंच १२८०० असतं. आणि शेवटचं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं. यू असेल तर आपल्या साध्या डेस्कटॉपची. एस असेल तर लॅपटॉपची छोटी काडी. आर असेल तर सर्व्हरची, ती जुन्या सर्व्हरमधनं निघालेली स्वस्तात भरपूर फिरत असते आणि आपल्या बोर्डावर चालत नाही.

मग ऑनलाइनवाली उलटसुलट बघून म्हणाला ही चार बिटवाली. म्हणजे काय, तर प्रोसेसर रॅमशी एका वेळी ६४ बिट बोलतो. नेहमीच्या रॅममध्ये एकेक चिप ८ बिटची, आठ चिपांत ६४ भरले, दोन्ही बाजूंना आठ-आठ म्हणजे दोन गट, त्यालाच स्टिकरवर २आरएक्स८ लिहितात. या स्वस्तवाल्यात पण सोळाच चिपा दिसतात पण एकेक ४ बिटची, सोळा मिळून एकच गट. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरला ही ४ बिटवाली चिप चालत नाही, काही जुन्या एएमडीला चालते. डोळ्यांनी बघून दोन्ही सारख्याच. मी आपला पिना घासत बसलेलो.

किंग्स्टनच्या नंबरातही सगळं असतं, ते तिथंच कळलं. १६ म्हणजे १६००, एल म्हणजे कमी व्होल्टेजवाली (१.३५), एन म्हणजे साधी डेस्कटॉपची, ११ म्हणजे लेटन्सी (मागितल्यावर डेटा द्यायला लागणारा उशीर), शेवटी ८ जीबी. व्होल्टेजची मला भीती होती कारण जुनी काडी १.५ ची, तर ही १.५ वर पण चालते, त्यामुळे शेजारी शेजारी बसल्या. मी म्हणलं मग १६ ची एकच दे ना, तर म्हणाला तुमच्या फोर्थ जन प्रोसेसरला एका स्लॉटमध्ये ८ च्या वर जात नाही, दोन मिळून १६, संपलं. "आणि दोन्ही १३३३ लाच पळणार, वाईट वाटून घेऊ नका." कमी स्पीडवालीच्या चालीने दोघी चालतात.

घरी आल्यावर लावली, दोन्ही बाजूंची क्लिप टक् करून बसली पाहिजे, एका बाजूला अर्धवट राहते आणि आपल्याला वाटतं बसली. सीपीयू-झेड नावाच्या सॉफ्टवेअरच्या एसपीडी टॅबमध्ये (रॅमच्या आतली नोंद दिसते तिथं) किंग्स्टन आणि तोच पार्ट नंबर आला म्हणजे स्टिकरशी जुळलं. रात्रभर रॅम तपासणारी मेमटेस्ट८६ लावून ठेवली, सकाळी चहा घेताना बघितलं, एरर शून्य. १२ जीबीमध्ये आता तीच सगळी कामं ६० टक्क्यांच्या आसपास. कोरल उघडायला पूर्वीइतकाच वेळ लागतो, ते रॅमने सुधारत नाही, पण एकदा उघडलं की अडकत नाही.

मित्राचं वेगळंच, त्याच्याकडे सहाव्या जनरेशनचं मशीन, सगळ्यांनी सांगितलं सहावी म्हणजे डीडीआर४, उघडून बघतो तर त्याच्या एच११० चिपसेटच्या बोर्डावर डीडीआर३ चे स्लॉट. त्या काळात दोन्ही प्रकारचे बोर्ड निघालेत. डीडीआर४ आणि डीडीआर५ ला पिना २८८ च, पण खाच वेगळ्या जागी, त्यामुळे जोर लावू नका. आणि घ्यायची असेल तर भाव आधी विचारून निघा, एआयच्या डेटा सेंटरांपायी रॅम कुठच्या कुठे गेलीय, रॅम बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपल्या क्रुशल ब्रँडचा ग्राहकांना विकायचा धंदाच बंद करतोय म्हणून जाहीर केलं.

ती ७५० वाली अजून ड्रॉवरमध्ये आहे, लग्नपत्रिकांच्या सॅम्पलखाली. कोणाकडे जुनं डीडीआर३ वालं एएमडी मशीन असेल तर दुकानात या आणि लावून बघा, चालली तर चहा पाजा आणि घेऊन जा.