बुगडीसकट निघालेला एक्स-रे

आई 74 वर्षांची. कंबर तीन महिने दुखत होती, त्यात हिमोग्लोबिन 8 वर आलं. डॉक्टरांनी मणक्यांबरोबर कवटीचाही एक्स-रे लिहून दिला. "दुखतीय कंबर आन् फोटो डोक्याचा?" आईचं म्हणणं मलाही पटत होतं. पण मायलोमा नावाच्या कर्करोगात हाडं पोखरतात, आणि कवटीच्या फोटोत पंचिंग मशीननं पाडल्यासारखी गोल काळी भोकं दिसतात. तीच शोधायची होती.

घराजवळ काढलेला पहिला फोटो डॉक्टरांनी परत पाठवला. मान तिरकी, वर अंबाड्यातला आकडा मधोमध. म्हणून साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या या एक्स-रे सेंटरला आलो.

इथला टेक्निशियन पोरगा घाई करत नाही. आकडे, कुड्या, कवळी, मंगळसूत्र सगळं माझ्या रुमालात बांधायला लावलं. राहिली उजव्या कानातली बुगडी. चाळीस वर्षं ती निघालेली नाही. साबण लावला, तेल लावलं, शेवटी आई कावली, "कानच काढून ठेव!" तो म्हणाला, "राहू द्या आजी. धातू पांढरा येतो, आपण काळं शोधतोय. कागदावर तसं लिहितो." हनुवटीखाली स्पंजचा तुकडा सरकवून त्यानं डोकं नीट बसवलं आणि मगच बटण दाबलं. नंतर मला पडद्यावर दाखवलं: बाजूनं काढलेल्या या फोटोत दोन्ही डोळ्यांच्या खोबणींच्या छताच्या रेषा एकावर एक आल्या, म्हणजे मान सरळ आहे. मधोमध घोड्याच्या खोगिरासारखा खळगा होता, त्यात पिट्युटरी ग्रंथी बसते म्हणे.

तक्रार एकच, पण मोठी. सेंटर पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. कंबर धरून येणाऱ्यांनी चढायचं कसं? रिपोर्टही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला. चार स्टार.

रिपोर्टात भोकं नाहीत; 'उजव्या कानाजवळ दागिन्याची सावली' असं मात्र व्यवस्थित लिहिलंय. मी पेढे आणायला निघाले होते, डॉक्टरांनी थांबवलं. हाड तिसरा हिस्सा तरी झिजल्याशिवाय साध्या एक्स-रेत कळत नाही, म्हणून रक्तातल्या प्रोटीनची तपासणी लावलीय. ती गुरुवारी येईल. तोवर आई, रुमालातून हरवलेल्या कुडीच्या फिरकीवरून मला ऐकवतीय.