बेळगावातलं रेडिओ रिपेरीचं दुकान आणि एकाच स्पीकरातली साठच्या दशकातली गाणी

पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढं येतंयच.

आधी मी तिथं कसा पोचलो ते सांगतो, कारण त्याशिवाय रिव्ह्यूला अर्थ नाही. आमची आत्या कॅम्पातल्या कॉन्व्हेंटात शिकलेली, आणि तिच्या वेळच्या पोरींना क्लिफ रिचर्ड या इंग्लंडच्या गायकाचं जे काय वेड होतं ते अजून उतरलेलं नाही. आज तिचे गुडघे चालत नाहीत, पण क्लिफ 1940 साली लखनौत जन्मला, म्हंजे "आपल्यातलाच पोरगा तो", हे ती घरी आलेल्या प्रत्येकाला चहाच्या आधी सांगते. तिच्याकडं पेटीवाला रेकॉर्ड प्लेअर होता, झाकण लावून हँडलला धरून न्यायचा तसला, एकच स्पीकर. तो वीसेक वर्षं माळ्यावर हंड्यांच्या मागं पडून होता. मी शहाणपणा करून तिच्या वाढदिवसाला ऑनलाइन एक नवा सुटकेसवाला प्लेअर मागवला, दिसायला एकदम झकास, आवाज मात्र तेलाच्या रिकाम्या डब्यात बसून कुणी गातंय असा, आणि जरा जोराचा ड्रम आला की सुई उडी मारून पुढच्या कडव्यात. आत्या दोन गाणी ऐकून म्हणाली, "छान आहे रे, पण तुझी भेट तूच वाजव." मग जुनाच काढला, पुसला आणि स्कूटरवर पुढं ठेवून निघालो.

दुकान खडेबाजाराच्या बाजूला, आतल्या गल्लीत. नाव मुद्दाम देत नाही, कारण दुकानवाल्या मामांनी हात जोडून सांगितलंय की गर्दी नको. बोर्ड आहे पण त्यावरची अक्षरं पाऊस खाऊन गेलाय, कुठल्या भाषेत होता तेही कळत नाही, आणि आपल्या गावात बोर्डाच्या भाषेचा विषय काढायचा नसतो हे तुम्हाला मी सांगायला नको. आत मात्र सगळंच चालतं. मामा गिऱ्हाइकाशी मराठीत, हाताखालच्या पोराशी कन्नडमध्ये, आणि मशीनशी बोलताना दोन्हीतल्या शिव्यांमध्ये.

मामा म्हंजे सत्तरीच्या पुढचे, चष्मा कपाळावर आणि दुसरा नाकावर. मी पेटी ठेवली तर "काय झालंय?" विचारलंच नाही. प्लग लावला, थाळी फिरायला लागली, कान जवळ नेला आणि म्हणाले, "धप धप ऐकू येतंय का बगा. रबर बसलंय." झालं असं होतं की मोटरच्या दांड्यावरून थाळी फिरवणारं जे रबराचं छोटं चाक असतं ते इतकी वर्षं एकाच जागी दाबून राहिलं, त्यामुळं त्याला एका बाजूला सपाट खड्डा पडला आणि रबर दगडासारखं कडक झालं. प्रत्येक फेरीला तो खड्डा आपटणार आणि तेच धप धप सुईतून स्पीकरात येणार. शिवाय जुनं ग्रीस घट्ट होऊन मेणासारखं झालेलं, ते त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं खरवडून माझ्या तळहातावर ठेवलं, "हे बगा, तुमच्या आत्यांच्या लग्नाच्या वेळचं." मागं घुंघुं असा हम येत होता तो कंडेन्सरचा. आणि सुई तर नुसती नावाला होती.

सुईचं त्यांनी जे सांगितलं ते मला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. मोनो म्हंजे सगळा आवाज एकत्र, एका स्पीकरापुरता; स्टिरिओ म्हंजे डावा-उजवा वेगळा, दोन स्पीकरांसाठी. जुन्या मोनो पिकअपची (पिकअप म्हंजे सुई धरणारा भाग) सुई फक्त आडवी हलते, वरखाली तिला लवचीकपणाच नसतो. स्टिरिओ तबकडीच्या खाचा वरखालीही कोरलेल्या असतात, त्यामुळं असल्या पिकअपवर स्टिरिओ रेकॉर्ड लावली की सुई खाच नांगरत जाते. आणि 78 च्या, म्हंजे मिनिटाला 78 फेरे मारणाऱ्या जुन्या तबकड्यांच्या, खाचा रुंद, त्यांना वेगळी जाड सुई लागते. मामांनी दोन तोंडांची सुईवाला सिरॅमिक पिकअप बसवला, बारकी दांडी फिरवली की एका बाजूला एलपीची, दुसऱ्या बाजूला 78 ची. एकूण बिल 2,200 रुपये. मला तरी स्वस्त वाटलं, कारण दुसऱ्या एका ठिकाणी मला "हे आता शोपीस म्हणून ठेवा, वर झाड लावा" असा सल्ला फुकटात मिळाला होता.

आता अर्धा स्टार. मामांनी सांगितलं आठ दिवस. लागले पाच आठवडे. फोन केला तर उचलत नाहीत, गेलो तर "उद्या या की", उद्या गेलो तर पोरगा म्हणतो मामा लग्नाला निपाणीला गेलेत, तिसऱ्यांदा गेलो तर माझी पेटी उघडी आणि तिच्या पोटात मामांच्या चहाचा ग्लास. घाईचं गिऱ्हाईक असाल तर जाऊच नका, हे स्पष्ट सांगतो.

पण खरी गंमत पेटी घरी आणल्यावर झाली. त्याच दुकानातून मी बीटल्स या इंग्लिश बँडच्या 1967 च्या 'सार्जंट पेपर' एलपीची एक मोनो प्रत घेतली होती, कव्हर फाटकं पण तबकडी चांगली. आत्याला क्लिफ, मला बीटल्स, असं आमचं भांडण आहेच. लावली. दुसऱ्या बाजूला जायच्या आधी 'शीज लीव्हिंग होम' आलं आणि माझे कान टवकारले, कारण गाणं वर चढल्यासारखं वाटत होतं. घरात जुनी स्टिरिओ सीडी होती ती लावली, फरक सरळ दिसतोय, सीडीवर गाणं खाली आणि सावकाश, रेकॉर्डवर वर आणि घाईत. मी म्हटलं, झालं, मामांनी मोटर बिघडवली, पाच आठवडे घेऊन हे! शनिवारी संध्याकाळी पेटी आणि तबकडी दोन्ही घेऊन भांडायलाच गेलो.

मामा काही बोलले नाहीत. खणातून एक गोल कागद काढला, त्यावर कडेनं काळ्या रेघा, 180, मोजून. तो थाळीवर ठेवला, एलईडी बल्ब बंद केला आणि भिंतीवरची जुनी चोकवाली ट्यूबलाइट लावली. ती एकदोनदा मिचमिचली आणि पेटली. मग म्हणाले, "आता बगा." थाळी फिरतेय आणि रेघा उभ्या! म्हंजे कागद गरागरा फिरतोय पण काळ्या रेघा जागच्या जागी गोठल्यासारख्या. आपल्याकडची वीज 50 सायकलची, म्हंजे ट्यूब सेकंदाला 100 वेळा उजळते, आणि थाळी मिनिटाला बरोबर सव्वातेहतीस... नाही, 33 आणि एक तृतीयांश फेरे मारत असेल तरच दर उजळण्याला पुढची रेघ आधीच्या रेघेच्या जागी येते. जोरात असेल तर रेघा पुढं सरकतात, हळू असेल तर मागं. एलईडीखाली हे नीट दिसत नाही, म्हणून ती ट्यूब मामांनी जपून ठेवलीय. रेघ तसूभर हलेना. मी गप्प.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेली एक पोरगी, खानापूरची, इंजिनिअरिंगला आहे, ती म्हणाली, "काका, मशीन बरोबर आहे, गाणंच वेगळं आहे." म्हंजे काय तर या गाण्याचं मोनो मिक्स (वेगवेगळे आवाज जुळवून शेवटची टेप) करताना टेप जरा जोरात चालवली आणि स्टिरिओ करताना तशी चालवली नाही, त्यामुळं मोनोतलं गाणं खरंच वरच्या पट्टीत आणि फास्ट आहे. 2017 ला नवं स्टिरिओ मिक्स निघालं तेव्हा त्यांनी मोनोचाच वेग धरला. आणि मूळ मिक्सिंगला बीटल्स स्वतः हजर असायचे ते मोनोच्या, स्टिरिओ नंतर बरंचसं त्यांच्या माघारीच उरकलं. मी तीस वर्षं जे ऐकत होतो ते उरकलेलं! भांडायला गेलो होतो आणि मामांच्या पोरानं माझ्यासाठी चहा सांगितला, एवढी लाज कधी वाटली नव्हती.

त्या दिवसापासून मी शनिवारचा मेंबर झालो. सहानंतर मामा शटर अर्धं खाली घेतात, वाकून आत जायचं. पाचसात जण असतात. एक बँकेतून रिटायर झालेले साहेब, एक गोव्याकडचे गिटार वाजवणारे सर (चर्चच्या गाण्यांना तेच साथ करतात), ती खानापूरची पोरगी, अधूनमधून शहापूरच्या एक काकू, त्या फक्त शम्मी कपूरसाठी येतात. नियम एकच, एकावेळी एक तबकडी आणि वाजत असताना कुणी बोलायचं नाही. बाजू संपली की मात्र सगळे एकदम.

आणि सगळं एकाच स्पीकरातून. मी सुरुवातीला म्हटलं मामांकडं स्टिरिओ सेट पडलेत की तीनचार, लावा की एखादा. मामांनी उत्तर दिलं नाही, बीटल्सच्या पहिल्या एलपीची स्टिरिओ प्रत दोन स्पीकरांवर लावली आणि मला डावीकडच्या स्पीकरापाशी बसवलं. फक्त वाद्यं! गाणारे सगळे तिकडं पलीकडं, जसं काय बारात बसलोय आणि शेजारच्या खोलीत कुणी गातंय. ती रेकॉर्ड 11 फेब्रुवारी 1963 ला लंडनला एका दिवसात झाली, त्यातली दहा गाणी, दोन ट्रॅकच्या मशीनवर, एका ट्रॅकवर वाद्यं, एकावर गळे, ते यासाठी की नंतर दोन्हींचा तोल सांभाळून एकच मोनो करता यावं. दिवसाच्या शेवटी 'ट्विस्ट अँड शाउट', गाणाऱ्या जॉन लेननला सर्दी, घसा गेलेला, आणि तो फाटलेला आवाज तसाच ठेवला. मग मामांनी तेच मोनोत लावलं. तो फाटका गळा ड्रमच्या बरोबर मध्ये येऊन बसला आणि छातीवर आला, दुसरा शब्द नाही. सर म्हणाले, तिकडं अमेरिकेत बीच बॉइज बँडच्या ब्रायन विल्सनला एका कानानं ऐकूच येत नव्हतं, त्यानं 1966 ला 'पेट साउंड्स' केलं तेही मोनोच, आणि त्याचं खरं स्टिरिओ मिक्स बाहेर यायला 1997 उजाडलं. एका कानाच्या माणसानं एका स्पीकरासाठी केलेलं काम, आणि आपण दोन कानांत दोन बोंडं घालून ऐकतो!

इथं कुणी म्हणेल की बेळगावात बसून हे इंग्रजी कौतुक कशाला. तर साहेबांनी एकदा बीटल्सच्या 'रिव्हॉल्वर'चं मागचं कव्हर ट्यूबखाली धरून वाचायला लावलं. 1966 ची एलपी. 'लव्ह यू टू' गाण्यापुढं छापलंय, तबला अनिल भागवत. भागवत! ही इंग्रजी कव्हरवरची चार अक्षरं वाचून शहापूरच्या काकूंनी पहिल्यांदा बीटल्सची रेकॉर्ड हातात घेतली. आणि त्यांच्याच 'द इनर लाइट' गाण्याचा वाद्यमेळ तर जानेवारी 1968 ला आपल्या मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत रेकॉर्ड झालाय, बासरी हरिप्रसाद चौरसियांची. उलट्या बाजूनंही बघा, 'जानवर'मधलं 1965 चं रफीचं 'देखो अब तो' कुठल्या बीटल्स गाण्यावर बेतलंय ते काकूंना माहीतच नव्हतं, दोन्ही पाठोपाठ वाजवल्यावर त्या म्हणाल्या, "शम्मीनं चांगलं केलंय." विषय संपला.

साहेबांकडं एक वस्तू आहे ती मात्र ते वाजवत नाहीत, फक्त दाखवतात. बीटल्सची 78 ची तबकडी, लाखेची. इंग्लंडात तोवर 78 बंद झालेल्या, पण आपल्याकडं कित्येक घरांत चावीचे ग्रामोफोनच होते, गावात वीज कुठं होती, म्हणून इथल्या कारखान्यानं बीटल्ससुद्धा 78 वर काढले. जगभरचे संग्राहक या तबकड्यांच्या मागं आहेत. साहेबांच्या तबकडीला केसाएवढी चीर आहे आणि ती जुन्या टॉवेलात गुंडाळून टिफिनच्या पिशवीतून येते.

आता मालाबद्दल, कारण रिव्ह्यू आहे. साधारण हजारेक तबकड्या असतील, निम्म्या हिंदी, मग मराठी नाट्यगीतं, कन्नड, आणि इंग्रजी दोन खोकी. साठचं इंग्रजी 400 पासून, बीटल्स 1,200 च्या खाली देत नाहीत, क्लिफ आणि जिम रीव्ह्ज 300 मध्ये पोत्यानं. घासाघीस नाही. मामांचं ग्रेडिंग म्हंजे एक स्वतंत्र भाषा आहे: "एकदम चांगली" म्हंजे खरोखर चांगली, "चांगली" म्हंजे चरचर आहे, आणि "ऐकण्यासारखी" म्हटलं की पैसे खिशातच ठेवा. मी एक "ऐकण्यासारखी" घेतलीय, ती दोन ठिकाणी अडकते आणि मध्ये पापडासारखी वाकलीय. याचं कारण खालच्या कप्प्यात तबकड्या आडव्या, एकावर एक रचल्यात, वर जुन्या ट्रान्सफॉर्मरची पेटी. तबकडी उभी ठेवायची असते हे मामांना माझ्यापेक्षा जास्त माहीत, पण "जागा कुठाय सांगा की". घेण्याआधी थाळीवर फिरवून बाजूनं बघा, सुई वरखाली नाचत असेल तर ठेवून द्या.

धुवून मागा. डिस्टिल्ड वॉटर आणि दोन थेंब साबण, मऊ फडकं, खाचेच्या दिशेनं, पोरगा सुरेख करतो, तबकडीला 20 रुपये. फक्त 78 असेल तर घरी जाऊन स्पिरिटनं पुसू नका, लाख विरघळते, माझ्या ओळखीच्या एकानं आजोबांचं बालगंधर्वांचं पद असंच पुसून टाकलं, अक्षरशः.

पैसे रोख. स्कॅनर चिकटवलाय पण तो कुणाच्या खात्याला जातो यावर मामा आणि मुलगा यांच्यात वाद आहे. गाडी गल्लीबाहेर लावा. मंगळवारी बंद, बाकी वेळी मामांच्या मनावर.

आत्याला एकदा नेलं. वाकून शटरखालून जाता येईना तर मामांनी उठून शटर पूर्ण वर केलं, शनिवारी सहानंतर, जे ते कुणासाठी करत नाहीत. क्लिफची बाजू पूर्ण वाजली, कुणी बोललं नाही. संपल्यावर आत्यानं सगळ्यांना तो लखनौचा आहे हे सांगितलंच, आणि गोव्याकडचे सर, ज्यांना हे बहुतेक पन्नास वर्षं माहीत असावं, "काय सांगता!" म्हणाले.

आणि एक. कुणाच्या घरी चालू स्थितीतली जुनी चोकवाली ट्यूब पट्टीसकट काढून ठेवलेली असेल तर भंगारात देऊ नका. मामांच्या ट्यूबची दोन्ही टोकं काळी पडलीत आणि गेल्या शनिवारी तिला पेटायला तीन मिनिटं लागली. शहापूर, टिळकवाडी, वडगाव, कुठंही असेल तर मी स्कूटर घेऊन येतो.