वाघचौऱ्याच्या नावाखाली दोनदा फसवणूक

वाघचौरा (पेक्टेलिस जायगँटिया) हे सह्याद्रीत आणि हिमालयात आढळणारं, जमिनीत कंद धरणारं ऑर्किड. भर पावसाळ्यात वर आलेला उंच दांडा, त्यावर झालरीच्या पाकळ्यांची मोठी पांढरीशुभ्र फुलं आणि अंधार पडला की वाढत जाणारा सुगंध. या फुलासाठी जीव टाकणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत आणि विक्रेत्यांना हे पक्कं ठाऊक आहे.

ऑनलाइन विकणाऱ्या एकाकडून ‘नर्सरीत वाढवलेले’ कंद मागवले. फोटो वाघचौऱ्याचाच होता. पाऊस लागल्यावर पानं उलगडली, तर त्यांची खालची बाजू जांभळी! कंद कापून पाहिला, आल्याच्या कुळातला वास आला. आलेला माल भुईचाफ्याचा होता. त्याचं फूलही सुवासिक आणि जमिनीलगत येणारं, पण ते येतं उन्हाळ्यात, पानांच्या आधी. वाघचौऱ्याची पानं मात्र हिरवी असतात आणि दांड्यावर एकाआड एक येतात.

तक्रार केल्यावर गोड बोलून त्याने ‘खरा माल’ पाठवला. ही दुसरी फसवणूक पहिलीपेक्षा वाईट. या वेळी वाघचौराच आला, कळ्यांसकट. पण मुळांना रानातली माती चिकटलेली आणि गवताच्या मुळ्या गुंतलेल्या. सरळ डोंगरावरून उपटलेलं रोप! दांडा आणि फुलं पोसताना जुना कंद आटतो आणि शेजारी पुढच्या वर्षीचा कंद भरत असतो. ऐन फुलोऱ्यात उपटलं की तो कच्चाच राहतो. कळ्या गळाल्या, दांडा कुजला, नवा कंदही गेला. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक, पोटात अन्नसाठा नाही. योग्य बुरशीची साथ मिळाली तरच रानात रुजतं. म्हणजे डोंगरावरची ती जागा सहजी भरून येणार नाही. पैशांपेक्षा मला हे जास्त लागलं.

कोणी विकत असेल तर त्याच्याकडे लहान वयाच्या रोपांचे, लागवडीचे फोटो मागा. बियांपासून रोपं कुठे तयार केली, ते विचारा. खरा नर्सरीवाला उत्तर देतो, माझा विक्रेता मात्र विषय बदलत राहिला. फुलोऱ्यातलं, मातीसकट आलेलं रोप तर घेऊच नका. राखीव जंगलातून असं रोप उपटून नेणं १९२७च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे. संभाषण, पैसे दिल्याची नोंद आणि पाकिटाचे फोटो जपून ठेवा. वनविभागाकडे तक्रार करताना ते लागतात.