विद्युत वर्ग मिसाईल बोट, १:७२: उद्यमनगरच्या किटची पारख

कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरच्या एका लहान वर्कशॉपने विद्युत वर्गाच्या मिसाईल बोटीचं १:७२ प्रमाणाचं थ्रीडी प्रिंट किट काढलं आहे. या बोटीचं कुठलंही मॉडेल हातात आलं की आधी क्षेपणास्त्रांच्या पेट्या बघाव्यात. १९७१ मध्ये नौदलात आलेल्या आठ बोटी सोव्हिएत ओसा-१ जातीच्या. त्यांच्या पी-१५ क्षेपणास्त्राचे पंख मिटत नसत, म्हणून त्याला गॅरेजसारखी ऐसपैस चौकोनी पेटी लागे. ओसा-२ वर पंख मिटणारं सुधारित क्षेपणास्त्र आलं, तशा पेट्या आखडून गोल नळकांड्या झाल्या. नळकांड्या लावून पाटीवर ‘कराची १९७१’ लिहिलं की मॉडेल तिथेच चुकलं.

या किटमध्ये पेट्या बरोबर आहेत, आणि नुसत्या आकाराने नाहीत. पंखांचा पसारा २.४ मीटर, म्हणजे १:७२ ला ३३ मिमी. पेटीचं आतलं माप त्याहून थोडं मोकळं ठेवलंय. मागची जोडी पुढच्या जोडीपेक्षा उंच आणि जास्त कललेली आहे. खऱ्या बोटीवर ती तशीच असायची, कारण मागून सुटणारं क्षेपणास्त्र पुढच्या पेटीवरून जायचं. पेट्यांची दारं सुटी दिली आहेत, त्यामुळे एक उघडी ठेवता येते. ज्याने हे ड्रॉइंग केलं त्याने अभ्यास केलाय, हे इथेच कळतं.

हलचं, म्हणजे बोटीच्या धडाचं, मापही चोख आहे. ३८.६ मीटरची बोट ५३६ मिमीला बसायला हवी, ७.६ मीटरची रुंदी १०५.५ मिमीला, दोन्हीकडे फरक मिलिमीटरच्या आत. अडचण जोडात आहे. प्रिंटरचा बेड २२० मिमीचा असल्याने हल तीन तुकड्यांत येतो आणि जोडायच्या पिना ढिल्या आहेत. थेट फेविक्विक लावलं तर बोटीला पीळ बसतो आणि तो पुढे काढता येत नाही. जाड काच घ्यावी, तिन्ही तुकडे डेकच्या बाजूने काचेवर पालथे ठेवावेत, आतून पट्टी लावून संथ वाळणाऱ्या अ‍ॅरल्डाइटने जोडावेत आणि रात्रभर वजनाखाली राहू द्यावेत. मग जोडावर लांबी (पुटी) भरून २२० चा, नंतर ४०० चा वॉटर पेपर. नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, वळणावर प्रिंटचे थर पायऱ्यांसारखे उठून दिसतात. तिथे सरफेसरचे (खाच भरणाऱ्या प्रायमरचे) दोन हात आणि मध्ये घासकाम, याला पर्याय नाही. घासताना पाणी भरपूर वापरावं, कारण कोरडं घासलं की पीएलए, म्हणजे प्रिंटचं प्लास्टिक, तापून कागदाला चिकटतो. तयार मॉडेल एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत ठेवू नये. साठ अंशांच्या आसपास हे प्लास्टिक मऊ पडतं आणि हल वाकतो.

सर्वांत कच्चं काम रेलिंगचं. दिलेले खांब १ मिमी जाड आहेत, म्हणजे खऱ्या बोटीवर ७२ मिमीचे पाइप! ते सरळ टाकून द्यावेत. उद्यमनगरातच मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे २८ गेजची वाइंडिंग तार मिळते, ती ०.३७ मिमीची असते. खांब तिचे करावेत आणि आडव्या दोऱ्यांसाठी फ्लेक्झिबल वायरमधली ०.२ मिमीची एकेक तार घ्यावी. झाळण्याआधी वाइंडिंग तारेवरचा इनॅमलचा लेप खरवडला नाही तर झाळ धरत नाही.

एके-२३० तोफांच्या नळ्या रेझिनच्या आहेत, पेटीतून काढतानाच तुटतात. त्याऐवजी २२ नंबरची इंजेक्शनची सुई वापरावी. तिचं आतलं भोक ०.४१ मिमी, आणि ३० मिमी तोफेचं भोक १:७२ ला बरोबर तेवढंच येतं. दोन तोफा, प्रत्येकी दोन नळ्या, म्हणून चार सुया. पक्कडीने कापली तर तोंड चेपतं. कटिंग डिस्कने कापावी.

रंग पावसाळ्यात उरकायची घाई नको. जुलै-ऑगस्टच्या कोल्हापुरी दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि राखाडी रंगावर पांढरी झाक येते. दिवाळीनंतरची कोरडी दुपार उत्तम.

‘पाण्यात चालते’ असं खोक्यावर छापलंय, ते धरून चालू नये. सुमारे २१० टनांची बोट या प्रमाणात ५६० ग्रॅमच भरते, आणि त्यातले जवळजवळ चारशे ग्रॅम किटचे सुटे भागच खातात. उरलेल्यात मोटर, बॅटरी, रिसीव्हर बसवले की बोट ठरलेल्या रेषेच्या खाली बुडते. रंकाळ्याच्या कडेचं केंदाळ पंख्यात अडकतं ते वेगळंच. हे किट शोकेससाठी घ्यावं, आणि त्यासाठी ते जरूर घ्यावं.

नावाच्या पाटीची चूक मात्र खटकते. पाटीवर ‘विद्युत, ऑपरेशन ट्रायडेंट’ आहे. त्या मोहिमेत ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर हल्ला करणाऱ्या बोटी तीन होत्या: निपात, निर्घात आणि वीर; विद्युत नावाची बोट त्यांत नव्हती. नेतृत्व कमांडर बब्रूभान यादव यांचं. निर्घातने खैबर ही विनाशिका बुडवली, वीरने मुहाफिज हा सुरुंगशोधक. इतक्या अभ्यासाच्या किटला ही पाटी शोभत नाही, ती बदलावीच. फोटो शोधताना सांभाळावं: हीच नावं नंतरच्या टॅरंटुल जातीच्या बोटींनाही दिली आहेत, आणि त्या ५६ मीटर लांब, वेगळ्याच घडणीच्या.

निर्घात करायची तर हलवर के ८९ हा क्रमांक, निपातला के ८६, वीरला के ८२. नंबर प्लेटवाल्या रेडियमच्या दुकानात ही अक्षरं कापून मिळतात, पण व्हिनाइल तसंच चिकटवलं तर त्याची जाडी डोळ्यांत भरते. अक्षरं काढून उरलेली चौकट मास्क म्हणून लावावी, आत पांढऱ्या रंगाचे दोन पातळ हात मारावेत आणि रंग पुरता कडक व्हायच्या आधी मास्क तिरका ओढून काढावा. पूर्ण वाळल्यावर ओढला तर कडेचे टवके निघतात.