दोन डिस्क, दोन सिस्टिम: सगळं झकास, घड्याळ सोडून

आधी निकाल सांगतो. एका पीसीत विंडोज आणि लिनक्स अशा दोन ऑपरेटिंग सिस्टिम ठेवायच्याच असतील तर दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, एकाच डिस्कचे तुकडे पाडत बसू नका. सुरुवातीला मी याच्या बरोबर उलट बोलायचो. पार्टिशन फुकटात होतं, मग दुसरी डिस्क विकत कशाला घ्यायची? मत का बदललं ते पुढे येईलच.

माझं मशीन म्हणजे इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर. विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत इंटेलची आठवी पिढी आणि पुढची, म्हणजे आपण बाहेर. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे फुकट अपडेट, संपणार म्हटल्यावर जो तो 'नवीन पीसी घेऊन टाका' म्हणायला लागला. लग्नपत्रिका आणि बिलबुकं करणाऱ्या माणसाला १६ जीबी रॅमचं चालतं मशीन भंगारात घालायचा सल्ला देणारे स्वतः पैसे देणार नसतात. माझी अडचण एवढीच की माझ्याकडचं कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपी (मराठी टायपिंगचं) विंडोजवरच चालतं. म्हणून विंडोज १० जुन्या एसएसडीवर (चिपवाल्या जलद डिस्कवर) आहे तसं ठेवलं आणि त्याचं नेट कायमचं तोडलं. दुसरी २४० जीबीची, दुकानातली सगळ्यात स्वस्त सॅटा एसएसडी घेतली आणि तिच्यावर लिनक्स मिंट २२ ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकली. बँक, मेल, व्हॉट्सॲप, जीएसटी, नेटचं जे काही असेल ते मिंटवर. कामाच्या फायली तिसऱ्या, जुन्या हार्ड डिस्कवर, दोघांनाही दिसतील अशा.

बसवण्यात विशेष काही नाही. कॅबिनेटमध्ये अडीच इंची डिस्कला जागाच नव्हती, तर डबल टेपने तळाला चिकटवली. अजून जागची हललेली नाही. फक्त एक गोष्ट करा: मिंट टाकताना विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेवा. इन्स्टॉलरला तुम्ही दुसरी डिस्क दाखवली तरी तो आपला बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्राम) पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये, म्हणजे बूटलोडरसाठी राखलेल्या तुकड्यात, नेऊन ठेवतो. मिंट ज्या लिनक्सवर बेतलेलं आहे त्या उबुंटूकडे ही तक्रार २०१४ पासून नोंदलेली आहे आणि मिंट २२ मध्ये तोच इन्स्टॉलर आहे. मग डिस्क दोन घेऊनही मिंट उठायचं ते विंडोजच्या डिस्कच्या जिवावर. केबल काढली की प्रश्न मिटला. विंडोजचं फास्ट स्टार्टअपही बंद करा, नाहीतर बंद करताना विंडोज अर्धवट झोपतं आणि मिंटला डेटाची डिस्क नुसती वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही.

आता घड्याळ. मदरबोर्डवर एक घड्याळ असतं, गोल सेलवर चालणारं. विंडोज त्यातली वेळ ही आपली भारतीय वेळ आहे असं धरून चालतं. लिनक्स तीच वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) समजतं आणि तशीच लिहून ठेवतं. म्हणजे मिंटमध्ये काम करून सकाळी अकराला विंडोज उघडलं की तिथे पहाटेचे साडेपाच. नेट असतं तर विंडोजने आपोआप सुधारून घेतलं असतं, पण नेट तोडलेलं. हाताने वेळ सुधारली तर पुढच्या वेळी मिंट उघडताना दुपारचे साडेचार, ते नेट लागेपर्यंत. पुन्हा विंडोज, पुन्हा पहाट.

तुम्ही म्हणाल, कोपऱ्यातलं घड्याळ चुकलं तर बिघडलं काय? बिघडतं. गिऱ्हाईक सकाळी दहाला दुरुस्ती पाठवतं, ती मिंटवर उतरते आणि तारखेपुढे दहा लागतात. अकराला विंडोजमध्ये पत्रिका दुरुस्त करून सेव्ह केली की तिच्यावर साडेपाच. फोल्डर तारखेने लावलं की ताजी फाइल खाली आणि कालबाह्य फाइल वर. मुहूर्ताची मिनिटं छापून देणाऱ्या माणसाने हे सहन करायचं? मी चिडून फाइलच्या नावातच वेळ लिहायला लागलो होतो.

उपाय दोन आहेत. एक, विंडोजच्या रजिस्ट्रीत (त्याच्या अंतर्गत सेटिंगांच्या वहीत) 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' ची नोंद करून त्यालाही यूटीसी शिकवायचं. दुसरा, मिंटला टाइमडेटसीटीएलच्या एका कमांडने स्थानिक वेळ मानायला लावायचं. जाणकार पहिला सांगतात. दुसरा केला की मिंट स्वतःच बजावतं की हा प्रकार पूर्णपणे सांभाळता येणार नाही, टाइम झोन बदलताना आणि उन्हाळी वेळेच्या (उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याच्या) फेरफारात घोळ होतील. अहो, पण आपल्याकडे उन्हाळी वेळ आहेच कुठे? दुसऱ्या महायुद्धात घड्याळं तासभर पुढे केली होती, ती लढाई संपल्यावर मागे आली. युरोप-अमेरिकेत राहणाऱ्यांनी जरूर रजिस्ट्रीचा मार्ग धरावा. मी मिंटला वळवलं. ज्या विंडोजमध्ये डोंगलवर, म्हणजे परवान्याच्या यूएसबी चावीवर, चालणारं सॉफ्टवेअर आहे, त्याच्या रजिस्ट्रीत हात घालायची मला हौस नाही. तेव्हापासून दोन्हीकडे एकच वेळ.

एवढं झाल्यावरही माझं मत होतं की दुसऱ्या डिस्कने फार काही साधलं नाही. दोन भावांनी घर वाटून घेतलं पण लाइटचं मीटर एकच ठेवलं, तसा प्रकार: मदरबोर्ड एकच, आणि भांडणं तिथलीच.

मग एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) गेला. पीसी दुकानात दिला. तिथल्या पोराने एसएमपीएस बदलला आणि न विचारता बायोसही (मदरबोर्डचा स्वतःचा प्रोग्राम) अपडेट केला. संध्याकाळी म्हणतो, "काका, तुमची दुसरी डिस्क उडालीय. विंडोज येतंय, ते दुसरं काय होतं ते येत नाही. नवी टाकायला लागेल. डेटा पाहिजे तर रिकव्हरीचे वेगळे." आणि आकडा सांगितला तो मूळ डिस्कच्या दुपटीहून जास्त! मी म्हटलं, डिस्क बायोसमध्ये दिसतेय का? दिसतेय. मग उडाली कशी?

झालं होतं एवढंच की बायोस अपडेटमध्ये बूटची यादी, म्हणजे कुठली सिस्टिम कुठून सुरू करायची ती, पुसली गेली. ती यादी डिस्कवर नसते, मदरबोर्डच्या चिपमध्ये असते. तिथल्या तिथे बूट मेन्यू उघडायला लावला आणि त्यातून थेट एसएसडीचं नाव निवडलं. मिंटच्या डिस्कवर स्वतःचं ईएफआय पार्टिशन, त्यात आणीबाणीची बूट फाइल. तिने यादीत आपलं नाव परत लिहून घेतलं आणि मिंट उभं राहिलं. पोरगं गप्प. मिंटचा बूटलोडर विंडोजच्या पार्टिशनमध्ये असता तर लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून थेट लिनक्स चालतं असा) शोधत बसावं लागलं असतं. दुसऱ्या डिस्कचे पैसे मी त्या क्षणी वसूल झाले असं धरतो. बायोस अपडेटचे पैसे मात्र दिले नाहीत. सांगितलंच नव्हतं.

तरी वेगळी डिस्क म्हणजे कवच समजू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर जगभरात अनेकांचं लिनक्स सिक्युअर बूटवर (सुरू होताना बूटलोडर तपासणाऱ्या पहाऱ्यावर) अडकलं होतं. जुन्या बूटलोडरवरच्या त्या बंदीची नोंदही मदरबोर्डमध्येच बसते, त्यामुळे डिस्क दोन असूनही काही जण अडकले. नव्या मशीनवर विंडोज ११ असेल तर बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बायोसला हात लागला की विंडोज ती मागू शकतं.

बाकी कुरबुरी किरकोळ. माझा मॉनिटर जागा व्हायला इतका वेळ घेतो की बूट मेन्यूची वेळ निघून जाते, म्हणून बटण दाबताच एफ-१२ बडवत राहायचं. ग्रबच्या, म्हणजे मिंटच्या बूटलोडरच्या, मेन्यूत विंडोज आणता येतं, मी मुद्दाम आणलेलं नाही. दोघांना एकमेकांचा पत्ता नसलेलाच बरा. सध्या जुन्या पत्रिकांचा मजकूर श्रीलिपीतून युनिकोडमध्ये नेतोय. अर्धा झालाय, जोडाक्षरं तपासण्यात वेळ जातो. तो संपेपर्यंत विंडोजची डिस्क आहे तिथेच.